आकाशी ट्रकची खालची पायरी

मी गाड्यांची सीट कव्हरं शिवते. गोष्टी रचणं हा माझा धंदा नाही.

त्यामुळे खाली जे लिहिलंय ते जसं घडलं तसंच लिहिलंय. ज्यांना पटेल त्यांनी वाचा. ज्यांना हसायचंय त्यांनीही खुशाल हसा, फक्त आधी एकदा आमच्या शेडमध्ये दिवेलागणीला येऊन उभे राहा.

हो, दिवेलागणीलाच. मध्यरात्र वगैरे काही नाही. शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, पोरं अजून रस्त्यावर खेळत होती, तेव्हा हे घडायचं.

हिवाळ्याची सुरुवात होती. तो गुरुवार होता, हे पक्कं आठवतंय, कारण गुरुवारी आमच्या भागात संध्याकाळी वीज नसते. जागा म्हणजे आमच्या घरामागची पत्र्याची शेड. तिच्यात माझ्या मोठ्या भावाचे, दादाचे, ट्रक उभे असतात.

लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. आमचा दादा जुने ट्रक जमवतो.

त्याला गंजलेलं नुसतं दार दाखवा, तो साल सांगेल. मूठ वर वळते की खाली, बॉनेटला फटी किती, चेसिसवर नंबर कुठल्या बाजूला ठोकलाय, एवढ्यावरून तो ट्रकची कुंडली मांडतो. वहिनी म्हणते, लग्न ठरवताना ह्यांनी मला एवढं निरखून पाहिलं नव्हतं.

पण छंद वगैरे सगळं बाहेरच्यांना सांगायला. दादा इतकी वर्षं एकच ट्रक शोधत होता. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं.

आमच्या बाबांचा ट्रक.

पुढची काच दोन भागांची, मधे दांडी. दिवे मडगार्डवर बसवलेले, बाहेर आलेले. ते मॉडेल फार थोडं निघालं आणि मग ती कंपनीच बंद पडली. बाबांनी त्याला आकाशी रंग दिला होता. मी चार-पाच वर्षांची असेन, दादा दहा-अकराचा. एका सकाळी बाबा माल भरून गेले. दोन दिवसांत येतो म्हणाले.

ते आले नाहीत. ट्रकही आला नाही. अपघाताची खबर नाही, पोलिसांत पत्ता नाही, काही नाही.

लोकांनी आपापल्या परीने निकाल लावून टाकला. दुसरं बिऱ्हाड केलं असेल म्हणाले. आईच्या तोंडावर कोणी बोललं नाही, पण ती नळावर गेली की बायका गप्प व्हायच्या. तेवढ्यावरून तिला सगळं कळायचं.

आईकडे मात्र याचं एक उत्तर होतं. ते उत्तर म्हणजे एक पायरी.

आमची आई बुटकी. त्या ट्रकमध्ये तिला चढताच यायचं नाही. म्हणून बाबांनी क्लीनरच्या बाजूच्या दाराखाली, कंपनीच्या पायरीच्या खाली, तिच्यापुरती एक जादा पायरी स्वतःच्या हाताने वेल्डिंग करून बसवली होती. कधीमधी ते तिला फेरीला बरोबर न्यायचे. तेवढंच तिचं फिरणं आणि तेवढीच तिची चैन.

"ज्याने माझ्या पायासाठी लोखंड जोडलं, तो मला टाकून जाईल का?" हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन.

तिला काही नको होतं. फक्त कोणीतरी येऊन सांगावं, की तो वाटेत मेला. घरी येता येता मेला. एखादी बाई आपला नवरा मेला असावा अशी आशा धरून जगते हे ऐकायला वाईट वाटतं. पण टाकलेली म्हणून जगण्यापेक्षा तिला ते बरं वाटायचं, आणि त्यात तिचं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही.

तर, त्या आठवड्यात एका लांबच्या भंगारवाल्याचा दादाला फोन आला. दोन काचांचा एक सांगाडा आलाय, बघून जा.

दादा क्रेन घेऊनच गेला.

आला तेव्हा ट्रकला इंजिन नव्हतं, टायर नव्हते. रंग विटकरी, तोही पापुद्रे सुटलेला. सीटच्या जागी नुसत्या स्प्रिंगा. मी दादाला म्हटलं, हे काय आणलंस, याच्यापेक्षा माझं शिलाई मशीन जास्त चालतं. तो हसला नाही.

त्याने मूठ उघडली. हातात एक पितळी गोळा होता.

आमच्या आईच्या लोखंडी खाटेला कोपऱ्यांवर पितळी गोळे आहेत. तेव्हा तीनच होते. चौथा बाबांनी काढून गियरच्या दांड्याला मूठ म्हणून बसवला होता. तेवढ्यावरून दोघांचं भांडणही झालं होतं म्हणे.

दादा घरात गेला. आई भाजी निवडत होती. तो सरळ खाटेपाशी गेला. खाटेच्या चौथ्या कोपऱ्यावर गोळा ठेवला आणि फिरवला.

तो गच्च बसला.

आईने भाजी बाजूला ठेवली, गोळ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "गाडी भंगारात म्हणजे माणूस गेला. गेला ना रे?"

दादा हो म्हणाला. त्याला तरी काय माहीत होतं? पण तो हो म्हणाला.

आई रडली. आणि खरं सांगते, तिच्या चेहऱ्यावरचं एवढं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने नळावर जाऊन सगळ्यांना सांगितलं. ट्रक सापडला, वाटेतच घात झाला, बिचारा घरीच येत होता. मला त्या बायकांची तोंडं बघायची फार इच्छा होती.

मग तो गुरुवार आला.

दादाने मला सीट करायला सांगितलं होतं. मी केबिनमध्ये बसून टेपने मापं घेत होते. वीज नव्हती, पण पत्र्याच्या फटीतून पुरेसा उजेड होता. दादा बाहेर गेला होता. बाकी सगळं शांत होतं.

आणि मला ऐकू आलं...

टक.

थोड्या वेळाने... टक. टक.

ट्रकवाल्यांच्या घरात वाढलेल्याला हा आवाज वेगळा सांगावा लागत नाही. गाडी लांबून आली, बंद केली, की इंजिन निवताना लोखंड असं टकटक करतं. लहानपणी हा आवाज आला की आम्ही ताटं मांडायचो.

मी हळूच खाली उतरले. बॉनेट उचललं.

आत काहीच नव्हतं. रिकामा खड्डा. खालची जमीन दिसत होती.

पण बॉनेटचा पत्रा... गरम होता.

मी हात मागे घेतला. बोटं पोळली होती. हे मी दादाला सांगितलं तर तो म्हणाला, दिवसभर उन्हाने तापला असेल. शेडमध्ये ऊन येत नाही हे त्यालाही माहीत होतं. मी वाद घातला नाही.

पुढच्या दोन-तीन दिवसांत मी सीट बसवून टाकली. नवा कोरा फोम, जाड, चांगला कडक. वर रेक्झिन ताणून घेतलं. माझं काम आहे म्हणून सांगत नाही, पण त्यावर चिमटा काढायला सुरकुती सापडली नसती.

सकाळी बघते तर...

ड्रायव्हरची सीट दबलेली. वर्षानुवर्षं बसून व्हावी तशी. डाव्या बाजूला जास्त, कारण एका कुशीवर रेलून बसणाऱ्याची तशी होते. बाबा तसेच बसायचे, असं आई म्हणायची.

मी फोम बदलला. पुन्हा तेच.

त्याहून वाईट म्हणजे मधल्या जागेवर, गियरच्या बाजूला... अजून एक खळगा होता.

छोटा. माझ्या दोन्ही तळव्यांनी झाकला जाईल एवढा.

क्लीनरच्या बाजूची जागा मात्र कोरी. तिथे कोणीच बसलेलं नव्हतं.

मी दादाला बोलावून दाखवलं. त्याने त्या छोट्या खळग्यात तळवा ठेवून बघितला. मग उंदीर असतील म्हणाला. मी म्हटलं, दादा, उंदीर फोम कुरतडतात, त्यावर मांडी घालून बसत नाहीत.

पण तो ऐकतच नव्हता. त्याचं लक्ष दुसरीकडे होतं.

ट्रक जमवणाऱ्यांची एक खोड असते. ओरिजनल रंग कोणता हे बघितल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. दादा पॉलिश पेपरने रंगावर एक छोटा गोल घासतो. हळूहळू घासला की एकाखाली एक रंगांची वलयं दिसतात. वरचा रंग शेवटचा आणि तळातला कंपनीचा. कोणता थर कधीचा, ते तो त्यावरून सांगतो. या ट्रकवरही त्याने घासलं. वर विटकरी, त्याखाली हिरवा, त्याखाली आमचा आकाशी, तळाला करडा.

इथे थांबला असता तर बरं झालं असतं. त्याने पायरी शोधायला घेतली.

आईची पायरी जागेवर नव्हती. कापलेली होती. तिच्या खुणा तेवढ्या राहिल्या होत्या, पत्र्यावर दोन चट्टे. आणि त्यांच्या खाली, आईच्या पायरीपेक्षा बरीच खाली, दुसरी एक पायरी जोडलेली होती. अरुंद. मोठ्या माणसाचं पाऊल तिच्यावर आडवंच टाकावं लागेल.

दादाने चट्ट्यांवर घासलं. विटकरी गेला. हिरवा गेला.

खाली आकाशी नव्हताच. सरळ लोखंड.

"चिमे, इकडे ये," दादा म्हणाला. चिमी म्हणजे मी. "कापल्यावर लगेच हिरवा मारलाय. म्हणजे हिरवा रंग देतानाच ही पायरी कापली."

मी म्हटलं, मग? ज्या कोणी ट्रक चोरला, बळकावला, त्याने कापली असेल.

दादाने मला खाली बसवलं. नव्या पायरीवरही हिरव्याखाली आकाशी नव्हता. तिच्या जोडावर त्याने बॅटरीचा उजेड पाडला. वेल्डिंग म्हणजे लोखंडाची शिलाईच असते, टाक्याला टाका लागून जाते. उजव्या हाताने केलेलं वेल्डिंग एका अंगाला कलतं. हे उलटं कललं होतं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी बाबांनी केलेली आहे, मी तिच्यासमोर उभं राहून रोज पोळ्या लाटते. त्या जाळीचे टाके असेच उलटे कलतात.

बाबा डावखुरे होते.

म्हणजे बाबा घाटात पडले नव्हते. कोणी त्यांना मारलं नव्हतं. त्यांनी कुठेतरी निवांत बसून आईची पायरी स्वतःच्या हाताने कापली होती. मग एका लहान पोरासाठी नवी जोडली, आणि वरून हिरवा रंग मारला. आमच्या रंगाचा मागमूस ठेवला नाही.

मला त्या माणसाची इतकी चीड आली की मी त्या पायरीला लाथ मारली. पाय मलाच लागला.

दादा म्हणाला, "आईला यातलं काही कळता कामा नये. तिचा जीव आता कुठे भांड्यात पडलाय."

मी म्हटलं, नाही कळणार. दादाने त्या जागेवर प्रायमर मारून सगळं झाकून टाकलं.

पण आई तोवर रोज शेडमध्ये जायला लागली होती. दिवेलागणी झाली की निघायची. बसते थोडा वेळ त्याच्याजवळ, म्हणायची. आम्हाला वाटलं, बसू दे. इतकी वर्षं कुठे बसायला मिळालं होतं. वहिनीने तर तिच्यासाठी खुर्ची नेऊन ठेवली.

खुर्ची रिकामीच राहिली. आई केबिनमध्ये चढून बसायची. म्हातारपणी, गुडघे गेलेले असताना. तिला ती खालची पायरी सोयीची पडत होती.

एका संध्याकाळी मी तिचा चहा घेऊन गेले. दारातच मला ते टकटक ऐकू आलं. इंजिन निवत होतं. मी थबकले.

मग... ठण्ण.

खालच्या पायरीवर कोणीतरी पाय दिला होता. हलका पाय. मग पुन्हा एकदा, जरा वर. दार उघडलं नव्हतं. आई आत बसलेली मला पाठमोरी दिसत होती. ती मधल्या जागेकडे बघून थोडी सरकली, बसमध्ये आपण कोणाला जागा देतो तशी.

मग आवाज आला...

बाबांचा आवाज मला आठवत नाही. मी फार लहान होते. पण तो दिवसभर गाडी चालवून थकलेल्या माणसाचा आवाज होता, दारात येऊन घरच्या बाईला हाक मारतो तसा. त्याने एक नाव घेतलं. बायकी नाव.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. कमेंटमध्ये विचारू नका.

ते माझ्या आईचं नाव नव्हतं.

आणि आई म्हणाली, "ओ."

माझ्या हातातला चहा सांडला. आईने वळून बघितलं. ती दचकली नाही, घाबरली नाही. मला वर ये म्हणाली. मी वर गेले नाही. खालूनच म्हटलं, आई, आत्ताच्या आत्ता उतर.

"रोज हाक मारतो गं," आई म्हणाली. "माझ्या नावाने नाही मारत, एवढंच."

मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं का काही? पायरीचं?

"तुम्ही दोघांनी रंग फासला म्हणून काय झालं? मी चढते ना रोज तिच्यावर. माझी पायरी माझ्या पायाला कळत नाही का?"

म्हणजे ती केबिनमध्ये चढायला लागली त्या पहिल्या दिवसापासून तिला माहीत होतं. तरी नळावरच्या बायकांना अजून तेच तोंडभर सांगत होती.

मी तिच्यावर ओरडले. सगळं माहीत असून तू ओ कशाला देतेस, म्हटलं. ज्याने तुझं असं पोतेरं केलं त्याला?

आईचा हात मधल्या जागेवर होता, त्या छोट्या खळग्यावर. थोपटत होती.

"ती इथे नाहीये, चिमे. हे दोघंच आहेत. तो हाका मारत राहतो, कोणी ओ देत नाही, मग हे लेकरू रडायला लागतं." मग ती म्हणाली, "मी सगळा जन्म हाकेची वाट बघितली. आता कुठे आली. नाव कोणाचं का असेना."

मी दादाला सांगितलं. त्याने दुसऱ्याच दिवशी ट्रक कापायला गॅस कटरवाला बोलावला. ज्या ट्रकसाठी त्याने अर्धं आयुष्य घालवलं तो ट्रक. आई जाऊन केबिनमध्ये बसली. कापायचा तर मला धरून काप म्हणाली. कटरवाला बिचारा आमच्या तोंडाकडे बघत राहिला आणि निघून गेला. वहिनी आता माहेरी आहे. तिच्यावर माझा राग नाही.

ट्रक अजून शेडमध्येच आहे. क्लीनरच्या बाजूची सीट आता दबलेली आहे.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे परवाचा दिवस.

आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. बाकावर बसलो होतो. नर्स दार उघडून नावं पुकारत होती. आईचं नाव आलं. पूर्ण नाव, आडनावासकट.

आई बसूनच राहिली.

नर्सने पुन्हा पुकारलं. मग जोरात पुकारलं. लोक इकडेतिकडे बघायला लागले. आईही त्यांच्याबरोबर इकडेतिकडे बघत होती, कोण ही बाई उठत नाही म्हणून.

मी तिला हलवलं. आई, तुझं नाव घेतायत.

"माझं?" आई म्हणाली.

तिला कमी ऐकू येत नाही. शेजारच्या घरातलं बोलणं तिला आमच्याआधी कळतं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती. माझ्या आजूबाजूला इतकी माणसं होती, बाहेर लख्ख ऊन होतं.

करायला नको होतं, पण मी केलं. मी तिच्यापासून थोडी लांब सरकले. तोंड दुसरीकडे फिरवलं. आणि अगदी हळू, माझं मलाही नीट ऐकू येणार नाही इतक्या हळू, मी ते दुसरं नाव घेतलं.

"ओ," आई म्हणाली, आणि पदर सावरून उठली.